मशीनच्या आधी विहिरीचं पाणी बघा: किनाऱ्यावर बर्फाचं एटीएम लावू पाहणाऱ्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
अलिबाग ते मुरूड या किनारपट्टीतल्या ग्रामपंचायतींचे सरपंच आणि सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी फ्रीज-एसी रिपेरिंगवाला. आयटीआय केल्यापासून बावीस वर्षं याच पट्ट्यात फिरतोय. हॉटेलांचे डीप फ्रीजर, आइस्क्रीमवाल्यांच्या पेट्या, बंदरावरच्या बर्फ कारखान्याचे कॉम्प्रेसर आणि अलीकडे रिसॉर्टांतली बर्फाचे खडे पाडणारी मशिनं, असं सगळं हाताखालून गेलंय. यंदा दिवाळीपासून तीन वेगवेगळ्या गावांतल्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. "किनाऱ्यावर बर्फाचं एटीएम बसवलं तर चालेल काय रे? पैसे टाकले की बर्फ बाहेर." एकाच्या हातात तर विक्रेत्याचं गुळगुळीत पत्रकही होतं. त्यावर निळं तळं, गोरी माणसं, गाडीच्या डिकीत बर्फाची पेटी. अमेरिकेत तलावाकाठी आणि तंबूच्या जागांजवळ अशी मशिनं असतात, त्याचाच तो फोटो असावा.

चालेल. पण ज्या कारणासाठी तुम्ही ते लावताय, म्हणजे पर्यटकांच्या पेट्या भरायला, ते कारण मला पटत नाही, आणि ज्या जागी लावायचं म्हणताय ती जागा तर बिलकूल पटत नाही. तिघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहितो.

गेल्या उन्हाळ्यातली एका किनाऱ्यावरची दुपार सांगतो. किनारा कोणता ते सोडा, सगळीकडे हेच आहे. एका सरबताच्या गाडीचा छोटा फ्रीजर बंद पडला म्हणून गेलो होतो. गाडीमागे गोणपाटात भाताचं तूस घालून बर्फाची अर्धी लादी ठेवलेली. पोरानं ती गोणपाटासकट वाळूवर ओढली, टोच्यानं चार ठोके मारले आणि फुटलेले तुकडे बादलीत बुचकळून काढले. बादलीतलं पाणी सकाळपासून तेच. मग ते तुकडे कोकम सरबताच्या ग्लासात. ग्लास एका लहान मुलीच्या हातात गेला. लादी पहाटे मासळीच्या टेम्पोतून उतरवली होती, हे पोरानं मला न विचारता सांगितलं. त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. दुसरा बर्फ मिळतोय कुठे त्याला?

मासळीच्या बर्फाला मी वाईट म्हणत नाही. कारखान्यात मिठाच्या थंडगार पाण्याच्या हौदात पत्र्याचे डबे सोडतात, डब्यात साधं पाणी, त्याची लादी होते. तो बर्फ होडीच्या खणात आणि मासळीच्या टोपलीत जायचा असतो. पोटात जायचा नसतो. म्हणूनच राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ साली सांगितलं की खाण्याचा नसलेला बर्फ निळसर दिसला पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकाला बघताक्षणी कळेल. कोकमाच्या लाल सरबतात निळा तुकडा लगेच ओळखू यायला हवा. मी मात्र सरबताच्या गाडीवर निळा तुकडा अजून बघितलेला नाही. एक तर तो रंग सगळीकडे पडत नाही, नाही तर लादी फुटली की दिसेनासा होतो. आणि बर्फ झाला म्हणजे जंतू मेले, ही समजूत तर पार खोटी. थंडीत त्यातले बरेच निजून राहतात, ग्लासात बर्फ वितळला की जागे होतात. ग्लासात दारू असली तरी सगळे मरतातच असं नाही. हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण मशीनचा विषय काढणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या डोक्यात गिऱ्हाईक म्हणून बिअरवालेच होते.

तर माझं म्हणणं एवढंच: बर्फाचं मशीन लावायचंच असेल तर ते खाण्याच्या बर्फाची सोय म्हणून लावा. पर्यटकाच्या पेटीत जाईल तो वरचा धंदा. हे एकदा ठरलं की पाणी, जागा, भाव, चावी कुणाकडे, सगळ्याची उत्तरं आपोआप बदलतात.

आधी पाणी. आपल्याकडे किनाऱ्याजवळच्या विहिरी आणि बोअरिंगं मार्चनंतर मचूळ होत जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या पिशवीत टीडीएस मीटर असतो, पाण्यात विरघळलेला क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते सांगणारा. दिवाळीत जी विहीर चारशे-साडेचारशे दाखवते तीच मे महिन्यात हजाराच्या पुढे गेलेली मी बघितली आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत ठीक म्हणतं, आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. माणूस चालवून घेतो, मशीन घेत नाही. खडे पाडणाऱ्या मशीनमध्ये पाणी थंड पत्र्यावरून सतत वाहत असतं आणि थर थर करून गोठतं. पाण्यातला क्षार त्या पत्र्यावर बसतो. मग खडा सुटायला वेळ लागतो, आधी पांढुरका होतो, मग अर्धवट, आणि एक दिवस मशीन नुसतं घरघरत राहतं. एका रिसॉर्टमध्ये मी असं मशीन उघडलं तेव्हा आत टाइल लावल्यासारखा थर होता. मालक म्हणाला, गॅस कमी झाला असेल, भर. गॅस पुरेपूर होता.

म्हणजे आरओ लागणार. आरओ लागला की तो एक लिटर चांगलं पाणी देताना जवळपास तेवढंच, कधी त्याहून जास्त, खारं पाणी बाहेर टाकणार. वर मशीनचं स्वतःचं धुण्याचं पाणी. दिवसाला ३०० किलो बर्फ म्हटला तर ८०० ते १,००० लिटर पाणी हिशेबात धरा. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथं हे मशीन लावू नका. टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर पाव्हण्यांचा बर्फ पाडणारं मशीन चाललं तर त्यावर दगड पडतील, आणि मी तरी ते दगड चुकीचे म्हणणार नाही. जिथं पाणी आहे तिथं आरओचं टाकाऊ पाणी किनाऱ्यावरच्या संडासांच्या टाकीला जोडा. शनिवार-रविवारी तिथं पाणी नसतं, ती बोंब वेगळीच आहे.

टीडीएस चांगला आला म्हणून पाणी चांगलं, असंही नाही. मीटर क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. मानक म्हणतं १०० मिलि पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. हे प्रयोगशाळेतच कळतं, आणि पाण्याचंच नव्हे तर मशीनमधून पडलेल्या बर्फाचंही तपासायला हवं. कारण बर्फाच्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुलाबी-काळसर बुळबुळीत थर धरतो. पाणी कितीही शुद्ध घाला, महिन्यातून एकदा कप्पा रिकामा करून घासला नाही तर तो धरतोच. पत्रकात याचा फोटो नसतो.

आता त्या पत्रकावरच्या आकड्याबद्दल. 'दिवसाला ५०० किलो' असं छापलंय ना? विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: किती गरम हवेत आणि किती गरम पाण्यात? या मशिनांचे मोठमोठे आकडे बहुधा २१ अंश हवा आणि १० अंश पाणी धरून छापलेले असतात. दुसरं माप असतं ३२ अंश हवा आणि २१ अंश पाणी. ते मागून घ्या, आणि तेही आपल्याला हलकंच पडतं. आपल्याकडे मे महिन्यात १० अंशाचं पाणी फक्त फ्रीजमधल्या बाटलीत मिळतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारी तीनचं पाणी अंगावर घेता येत नाही, एवढं तापलेलं असतं. छापील पाचशेचे आपल्याकडे साडेतीनशे पडले तरी मी समाधान मानेन.

इथं एक फुकटचा उपाय आहे. किलोभर पाणी ३५ अंशांवरून शून्यावर आणायला ३५ किलोकॅलरी काढाव्या लागतात आणि त्या शून्यावरच्या पाण्याचा बर्फ करायला आणखी ८०. बर्फाचं सगळं दुखणं त्या ८० मध्ये आहे, तिथं आपण काही करू शकत नाही. पण टाकी सावलीत घेतली, पांढरी केली, पाणी दहा अंशांनी उतरलं, तर एकूण कामातले आठ-नऊ टक्के वाचले. विजेच्या बिलातही तेवढेच. किलोभर खड्याला साधारण ०.१५ ते ०.२ युनिट वीज जाते. आपल्या मीटरचा व्यावसायिक दर बिलावर बघा, गुणाकार करा, आणि मग 'दहा रुपयांत पाच किलो' असली घोषणा ग्रामसभेत करायची की नाही ते ठरवा.

गिऱ्हाइकाचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण पार्किंगच्या पावत्या तुमच्याकडे असतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली तेव्हापासून मुंबईची गाडी थेट पेटीसकट उतरते. पण ती शनिवारी उतरते. मंगळवारी किनाऱ्यावर कुत्री आणि आपण. म्हणून मशीन किती बर्फ पाडतं यापेक्षा साठवणीचा कप्पा केवढा हे आधी विचारा. लहान मशीन आणि मोठा कप्पा घ्या, गुरुवारपासून साठवा. मात्र साठवलेला बर्फ थोडा विरघळून पुन्हा गोठला की त्याची ढेप होते आणि खाली फिरणारा स्क्रू नुसता भोक पाडून फिरत बसतो. गिऱ्हाईक पैसे भरून लाथा मारतं. ढेप मोडणारी दांडी आत आहे का, एवढं बघूनच सही करा.

रविवारी दुपारी परतणाऱ्या माणसाला बर्फ लागतो तो सुरमई नाही तर कोळंबी पुण्यापर्यंत न्यायला. हा बर्फ खड्यांचा असायची गरज नाही. बाजारात बसणाऱ्या मावश्या तो मासळीबरोबर देतातच, बंदरावरच्या लादीचा, स्वस्तात. त्या धंद्यात हात घालू नका. मशीनच्या भावाला तो परवडायचाही नाही, आणि भांडण फुकटचं.

जागेचं सांगतो. वाळूवर नको. समुद्र दिसेल तिथं नकोच. खाऱ्या वाऱ्यानं कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, ॲल्युमिनियमच्या पात्यांचं दोन वर्षांत पीठ होतं, बोट लावलं की झडतं. पश्चिमेला तोंड करून ठेवलं तर दुपारभर ऊन थेट कंडेन्सरवर. सुरूच्या बनात सावली छान वाटते, पण सुरूच्या सुया पात्यांत अशा अडकतात की ब्रशनं निघत नाहीत, चिमट्यानं एकेक ओढाव्या लागतात. मी ओढल्यात. नारळाखाली का नको हे कोकणात लिहायची पाळी येऊ नये, पण एका ठिकाणी फ्रीजरच्या झाकणाला पोचा बघून आलोय. पार्किंगमागे, इमारतीच्या आडोशाला, पूर्वेकडे तोंड, फूटभर उंच चौथरा. उधाणाचं पाणी आणि गटार दोन्ही लक्षात ठेवून चौथरा बांधा.

किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना तात्पुरत्या पर्यटन सोयींना भरती रेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवायला सांगते. पण तुम्ही दहाव्या मीटरवर ठेवायला जाऊ नका. नियमाला चालेल ते लोखंडाला चालत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्यावरून गेलं तेव्हा कुणाचे पत्रे कुणाच्या वाडीत सापडले ते सगळ्यांना आठवतंय. चौथऱ्याला बोल्ट आणि चारी बाजूंनी ताण हवेतच. वीज नंतर किती दिवस नव्हती, तेही आठवत असेल.

गळतीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करा. नाही तर मशीनसमोर कायम डबकं, डबक्यात कुत्रं, आणि त्यावर उड्या मारत बर्फ घेणारं गिऱ्हाईक.

पिशव्या. पत्रकात मशीनच पिशवी भरून देतं. आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. किनाऱ्यावर प्रत्येक पाच किलोला एक पिशवी म्हणजे सोमवारी सकाळी झाडू मारणाऱ्या बायांनी वेचायचं काम आणखी वाढलं. नळीखाली गिऱ्हाइकानं आपला डबा धरायचा, हाच नियम करा. डबा नसेल त्याला बचत गटानं अनामत घेऊन पेटी भाड्यानं द्यावी. थर्माकोलची मुळीच नको, तिचे गोळे मग पाच वर्षं वाळूत निघत राहतात. अनामत दणकट ठेवा. मुंबईकर पेटी परत करायला शंभर रुपयांसाठी वळत नाही, पाचशेंसाठी वळतो.

बचत गटाचं नाव आलंच आहे तर मुख्य गोष्ट. 'माणूस लागत नाही' हे त्या मशीनचं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणून तुम्हाला विकलं जाईल. मी जेवढी बंद पडलेली मशिनं उघडली तेवढी बहुतेक माणूस नसल्यामुळेच बंद पडली होती. फिल्टर कुणी बदलायचा, कप्पा कुणी घासायचा, शनिवारी नेटवर्क गेलं आणि क्यूआर चालेना तर सुटे पैसे कुणी घ्यायचे? चावी एका बाईच्या कमरेला असू द्या आणि किलोमागे ठरलेला हिस्सा तिच्या गटाला मिळू द्या. अन्न विकायची नोंदणीही गटाच्या नावानं करा. बर्फ हे अन्नच आहे, कायद्यालाही तसंच वाटतं. मशीनच्या दाराच्या आत एक वही टांगा: तारीख, टीडीएस, कप्पा धुतला, फिल्टर बदलला, सही. मी रिपेरिंगला आलो की आधी ती वही बघेन, मग पाना काढेन.

आणि पावसाळा. जूनपासून चार महिने मशीन बंद राहणार. आत पाणी राहिलं तर सप्टेंबरअखेर उघडल्यावर जो वास येतो त्याचं वर्णन जेवणाआधी नको. पाणी पूर्ण काढून, कोरडं करून, दार फटभर उघडं ठेवून झाकायचं. देखभालीचा करार करताना हे काम त्यात लिहून घ्या. नाही तर विक्रेता म्हणेल ते आमच्यात येत नाही.

आता जे ऐकून विक्रेता माझ्यावर चिडेल ते. आपल्या पट्ट्यात अलिबाग, वरसोली, आक्षी, नागाव, रेवदंडा ही ठिकाणं जवळजवळ आहेत. पाच ठिकाणी पाच मशिनं घेणं म्हणजे पाच मशिनं बंद पडण्याची सोय. जिथं पाणी बारमाही गोडं आणि पार्किंग मोठं, अशा एखाद्या ठिकाणी सगळ्यांनी मिळून एकच घ्या. खाडीपलीकडे काशीद-मुरूडसाठी लागलं तर नंतर दुसरं. आणि बाकीच्या किनाऱ्यांना?

गोळेवाल्याचं एक गणित तुमच्या लक्षात आलंय का, मला शंका आहे. गोळा किसायच्या फळीवर लादीचा तुकडा लागतो. मशीनचे खडे फळीवर किसता येत नाहीत, हातातून उडतात. म्हणजे लाखोंचं मशीन लावूनही गोळेवाला मासळीचीच लादी आणणार, आणि लहान पोरं सगळ्यात जास्त बर्फ खातात ती गोळ्यातूनच. त्याला लागतो पिण्याच्या पाण्याचा ठोकळा. तो करायला मोठा डीप फ्रीजर, झाकणाचे स्टीलचे डबे आणि आरओचं पाणी, एवढं पुरतं. रात्री भरून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी डबा नळाखाली धरला की ठोकळा सुटतो. एका फ्रीजरमधून रोज वीस-पंचवीस किलो सहज निघतो. दोन गोळेवाले आणि तीन सरबतवाले भागतात. बिघडला तर मी तासाभरात येतो, आणि पार्ट अलिबागच्या बाजारात मिळतो. मशीनचा पार्ट कुरिअरनं येईस्तोवर सीझन संपलेला असतो. लहान किनाऱ्यांना माझ्या मते हेच पुरे.

तुसात गुंडाळलेल्या लादीला मी वर नावं ठेवली, पण युक्ती म्हणून ती जुनी आणि पक्की आहे. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला जहाजानं बर्फ आला होता. १८० टन निघाला, चार महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून शंभरेक टन पोचला, तो असल्याच वेष्टनाच्या जोरावर. तेव्हा ठोकळे गाडीवर पोचवायला भारी पेट्या घ्यायची घाई करू नका. स्वच्छ डबा आत, भुसा बाहेर, दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढं सांभाळलं तरी दुपार निघते.

निविदा काढायच्या आधी एक काम करा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, ज्या पाण्यावर मशीन चालवायचं म्हणताय त्याची एक बाटली भरून तपासायला पाठवा. जानेवारीतला रिपोर्ट जोडू नका, तो सगळ्यांचाच चांगला येतो. बरोबर सरबताच्या गाडीवरचा बर्फही एका स्वच्छ डब्यात पाठवा. दोन्ही रिपोर्ट ग्रामसभेत शेजारी शेजारी वाचा. मला बोलावलंत तर मीटर घेऊन येईन, त्या दिवसाचे पैसे घेणार नाही. फक्त शनिवार-रविवार सोडून बोलवा, ते दोन दिवस सगळ्यांचे फ्रीज एकदमच बंद पडतात.

आपला,
तालुक्यातला एक फ्रीज मेकॅनिक